उरलेले नऊ वाचक

"लय म्हणजे किती?"

आमच्या सरांशी बोलताना हा प्रश्न कुणालाच चुकला नाही. उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचं, मान किंचित तिरकी करायची आणि विचारायचं. लॅबमधले मामा घाम पुसत आत आले आणि म्हणाले, "सर, बाहेर लय ऊन आहे," की बोट वर. मामा बिचारे परत व्हरांड्यात जाऊन भिंतीवरचा थर्मामीटर वाचून येत. विद्यार्थी म्हणाला, "पेपर बरा गेला," तर "बरा म्हणजे किती?" आणि कुणी अंदाज ठोकायला लागला की ठरलेलं वाक्य यायचं, "मोजलं ते आधी सांग, वाटलं ते मंग."

तुम्ही म्हणाल, असा एक तरी विक्षिप्त मास्तर प्रत्येक कॉलेजात असतो. असतो खरा. पहिली दोन वर्षं मीही त्यांना त्याच खात्यात टाकलं होतं.

मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. पीएच.डी. झाली तर सीनिअर कॉलेजात जाता येईल, या आशेने मी अमरावतीच्या एका जुन्या कॉलेजातल्या या सरांकडे नाव नोंदवलं. दर शनिवारी सकाळचे तास आटोपले की अकोल्याच्या स्टँडवर बस धरायची, मूर्तिजापूर, बडनेरा करत दुपारी अमरावतीत उतरायचं आणि संध्याकाळी परत फिरायचं. सासूबाई विचारायच्या, "इतक्या दूर जाऊन शिकते तरी काय बाई तू?" मी सांगायची, "अणूच्या पोटातल्या गाभ्याचा आकार कसा असतो ते." त्या तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "गोल असंन, आनखी कसा असंन!"

हे सरांना सांगितलं तेव्हा ते मनापासून हसले. "त्याइले सांग, बरोबर आहे. पन सगळ्याइचा नाही."

अणूच्या मधोमध केंद्रक असतं. ते इतकं लहान की कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. मग त्याचा आकार कसा कळणार? परदेशातल्या काही मोठ्या प्रयोगशाळांत धातूच्या पातळ पत्र्यावर वेगवान इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात. कोणत्या कोनात किती इलेक्ट्रॉन वळून आले, ते मोजतात. त्या आकड्यांचा आलेख काढला की एक उतरती रेघ मिळते आणि तिच्यात मधूनमधून खळगे पडलेले असतात. खळगा कुठे पडला, किती खोल पडला, यावरून उलट्या वाटेने केंद्रकाच्या आकारापर्यंत जायचं. आमच्या कॉलेजात झोत नव्हता आणि यंत्रंही नव्हती. इतरांनी मोजून छापलेले आकडे घ्यायचे आणि त्यांतून आकार काढायचा, एवढंच आमच्या हाती होतं. सर तेच काम पंचवीस वर्षं करत होते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ते दरवर्षी एक खेळ खेळायला लावायचे. टेबलावर एक रुंद फळी दोन विटांवर टेकवलेली. तिच्याखाली काहीतरी ठेवलेलं, चारी बाजूंनी तरट सोडलेलं. मुलांनी एका बाजूने कंचे, म्हणजे काचेच्या गोट्या, गडगडवायचे आणि ते कुठून, कसे बाहेर येतात याच्या खुणा कागदावर करायच्या. त्या खुणांवरून आतली वस्तू कशी असेल, ते चित्र काढायचं. मुलं रंगात यायची, भांडायची. शेवटी सगळे एका सुरात म्हणायचे, "सर, आता फळी उचला!"

सर फळी उचलत नसत.

"केंद्रकावरचं झाकन कोन उचलून देनार हाय तुमाले?" एवढं बोलून ते तास संपवायचे. पोरं चरफडत जायची. मी एकदा मामांना गाठून विचारलं, आत असतं तरी काय? मामा म्हणाले, "मले काय मालूम मॅडम! सोताच ठेवते, सोताच काढते, थैलीत टाकून घरी नेते. एकोनीस वर्षं झाले, मले नाही दाखवलं."

सरांचे वडील अकोटच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते. घर मात्र अकोटच्या खालच्या अंगाला, विहिरींनाही खारं पाणी असलेल्या खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यात. सुट्टीत वडिलांचा डबा घेऊन हा मुलगा जिनात जायचा आणि सरकीपासून सुटून उडणारा कापूस पाहत बसायचा. म्हणूनच असेल, मला केंद्रक समजावताना त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. "गोटी समजू नको त्याले. गोटीले काठ असते. हे पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखं आहे पाह्य. मधात गच्च, काठाकडं विरळ विरळ होत जाते. कुठं संपलं ते बोट ठेवून सांगता येत नाही." तोवर बाहेरून दह्यात भिजलेला गिला वडा मागवलेला असायचा. आलेखाच्या कागदावर दह्याचा एखादा थेंब हमखास पडायचा. सर म्हणायचे, "त्याले गोल कर, नाही तं रीडिंग समजशीन."

आम्ही धरलं होतं ते एक जड मूलद्रव्य. त्याचं केंद्रक लांबट असतं, एवढं जगाला माहीत होतं. आकड्यांचा एक जुना अहवाल आम्हाला हवा होता. तो नागपूरच्या एका ग्रंथालयात असल्याचा पत्ता लागला आणि मी जाऊन त्याची झेरॉक्स आणली. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली होती, झेरॉक्सवाला मशीन पुसायला लागला होता. शेवटच्या पानावर चारच ओळी होत्या. संदर्भांची यादी असेल, असं धरून ते पान मी सोडलं. अमरावतीत सरांच्या हातात गठ्ठा दिला तेव्हा त्यांनी विचारलं, "सगळं आहे ना?"

"हो सर," मी म्हणाले.

दीड वर्ष आम्ही ते आकडे संगणकात घालून घासत होतो. आणि एका शनिवारी पडद्यावर जो आकार आला, तो पाहून सर खुर्चीतून उठून उभे राहिले. लांबट तर होताच, पण कमरेपाशी किंचित आवळलेला. हुबेहूब भुईमुगाची शेंग. असं त्याच्याबद्दल कुणीच म्हटलेलं नव्हतं. सरांनी सहा महिने सगळं पुन्हा तपासलं आणि मग आमचा लेख एका परदेशी नियतकालिकात छापून आला. विभागात मामांनी पेढ्यांऐवजी भाजलेल्या शेंगा वाटल्या. सरांनी एक शेंग उचलली, न फोडताच खिशात घातली आणि दिवसभर त्यांचा हात खिशाकडे जात राहिला.

माझा प्रबंध टाइप होऊन तयार झाला. महिन्याभरात द्यायचा होता. एका सीनिअर कॉलेजात जागा निघाली होती, आणि पदवी हातात असली तर ती मला मिळेल, असं सगळे म्हणत होते.

त्या बुधवारी सरांचा फोन आला. "आज येतेस का?"

शनिवार सोडून त्यांनी मला कधी बोलावलं नव्हतं. अर्धी रजा टाकून मी गेले. सर संगणकासमोर बसले होते. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून त्याच अहवालाची स्कॅन केलेली पूर्ण प्रत पाठवली होती. सरांनी शेवटचं पान उघडून ठेवलं होतं. चार ओळी. त्यांनी बोट ठेवलं आणि मी वाचलं.

पत्र्यातून वळताना इलेक्ट्रॉनची थोडी ऊर्जा वाटेत सांडते. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन मोजणीतून निसटतात, आणि तेवढी भर आकड्यांत नंतर घालावी लागते. त्या चार ओळींत लिहिलं होतं, की वरच्या सगळ्या आकड्यांत ही भर घातलेली आहे. ती घातलेली नाही असं समजून आम्ही ती पुन्हा घातली होती. जितका कोन मोठा, तितकी भर जास्त. त्याने खळग्यांची खोली बदलली होती. भुईमुगाची शेंग केंद्रकात नव्हतीच. ती आमच्या चुकीतून आली होती.

"लेख मागं घ्यावा लागते," सर म्हणाले. "प्रबंध आता देता येत नाही."

मी काय काय बोलले ते आठवून आजही लाज वाटते. म्हणाले, "सर, कोण पाहते? हा लेख जगात वाचते तरी कोण?"

"अकरा जनाइनं वाचला असंन," सर शांतपणे म्हणाले. "आपन दोघं धरून."

"मग?"

"मंग त्या उरलेल्या नऊ जनाइले काय सांगू?"

मला रडू फुटलं, आणि रडण्यामागून राग आला. मी म्हणाले, "तुमचं काय जाते सर? तुमची नोकरी झाली, तुम्ही रिटायर व्हाल. बुडाला तो माझा जन्म." मी पर्स उचलून दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "पाचची गाडी थेट अकोल्याची आहे. ते धर. बडनेऱ्याले उतरून बदली करत बसू नको, अंधार होते."

महिन्याभराने पोस्टाने एक पाकीट आलं. लेख मागे घेत असल्याच्या पत्राची प्रत होती. इंग्रजीत एक वाक्य होतं, ते मला पाठ आहे. त्याचा अर्थ असा, की ही चूक संपूर्णपणे माझ्या एकट्याच्या निष्काळजीपणामुळे झाली आहे. खाली सरांची सही. अहवालाचं ते शेवटचं, सोळावं पान कुणी सोडलं, ते मला ठाऊक होतं. मी ते पाकीट कपाटात साड्यांच्या खाली सारलं आणि कपाट लावून घेतलं.

त्यानंतर चार वर्षं मी अमरावतीला गेले नाही. ती जागा दुसऱ्याला मिळाली. सर निवृत्त झाले. निरोप समारंभाचं बोलावणं आलं, मी ताप असल्याचं कळवलं. ताप नव्हता. शनिवारी दुपारी मी पेपर तपासत बसायची. मुलांनी "अणुकेंद्रक गोल असते" असं लिहिलं की हात थांबायचा, आणि मग मी पूर्ण मार्क देऊन टाकायची. पुस्तकात तसंच होतं.

बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवसांत अकोल्यात मला अचानक मामा दिसले. त्यांची मुलगी इथे दिली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "सरांचं तुमाले मालूमच असंन मॅडम."

"काय?"

"मशीनवर हाय ते. दोन्ही किडन्या गेल्या. हप्त्यातून तीनदा जावं लागते."

खारपाणपट्ट्यातल्या गावांत घरोघरी हा आजार आहे. जन्मभर खारं पाणी पोटात गेलेलं असतं, ते म्हातारपणी आपला वाटा मागतं. येणारा शनिवार उजाडला तेव्हा मी बसमध्ये होते. काय बोलायचं ते मूर्तिजापूरपर्यंत जुळवत होते, पुढे सगळं विसरून गेले.

डायलिसिसच्या हॉलमध्ये आठ खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर सर. डावा हात मशीनला जोडलेला, चेहरा काळवंडलेला, केस पार गेलेले. मला पाहून त्यांनी उजव्या हाताने स्टूल दाखवलं.

"ये. कागद आनले का?"

जसं काही मी गेल्याच शनिवारी येऊन गेले होते.

मी कागद आणले नव्हते. ते म्हणाले, "मंग पुढच्या बारीले आन. मी हात नाही लावला त्याले. काम तुह्यं होतं. मी केलं असतं तं ते माह्यं झालं असतं." मग माझ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे पाहून हसले. "ते पर्समदी ठेव. आमाले दिवसाले मोजून देतात. लहानपनी गोड पानी नोतं. आता घरी नळाले गोड पानी येते, तं पिऊ देत नाहीत."

मी पुन्हा नाव नोंदवलं. कागदावर गाईड म्हणून विभागातल्या दुसऱ्या मॅडमची सही झाली, पण शिकवणारे सरच होते. शनिवारची त्यांची पाळी दुपारची असायची. चार तास ते खाटेवर बांधलेले आणि मी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. शेजारच्या खाटेवरचे एक वयस्क शेतकरी होते, चांदूर बाजारकडचे. ते कधीकधी विचारायचे, "सर, सापडला का तुमचा गोळा?" सर म्हणायचे, "जवळ आलो बावा." कधी मधेच त्यांचं ब्लडप्रेशर घसरायचं, डोळे पांढरे व्हायचे, नर्स धावत यायची. मी लॅपटॉप मिटून भिंतीशी उभी राहायची. पंधरा-वीस मिनिटांनी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "कोनत्या कोनावर होतो आपन?"

एका शनिवारी मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, त्या अहवालाचं शेवटचं पान मी सोडलं होतं. झेरॉक्स बंद होत होती. तुम्ही विचारलं, सगळं आहे ना, आणि मी हो म्हणाले. चूक माझी होती."

सर छताकडे पाहत होते. "मले मालूम आहे."

"कधीपासून?"

"मूळ प्रत पायली त्याच दिवशी. तू आनलेल्या शेवटच्या पानाच्या खाली बारीक अक्षरात छापलं होतं, सोळापैकी पंधरा."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मी तुम्हाला इतकं टाकून बोलले तेव्हासुद्धा?"

"काय बोलू? तो आकडा दीड वर्ष माह्या टेबलावर होता. मीबी वाचला नाही. गाईड कोन होतं? तू का मी?" मग ते म्हणाले, "तू येनं बंद केलं, ते मातर लागलं."

मी मान वर करू शकले नाही. त्यांनी मोकळा हात लांब केला, पण तो माझ्यापर्यंत पोचला नाही. मी स्टूल पुढे ओढलं.

दीड वर्षाने हातात आलं ते असं. केंद्रक लांबट आहे. कमर आवळलेली नाही. काठ विरळ, जसा असावा तसा. जगाला आधीपासून जे माहीत होतं तेच, फक्त अगोदरच्यांपेक्षा थोडं जास्त नेमकं. शेवटचा आकडा मी खाटेशेजारी बसून वाचून दाखवला. वाचता वाचता मी डोळे पुसले. इतकी वर्षं गेली आणि हाती इतकं साधं लागलं, असं वाटलं.

"चूक किती धरली?" सरांनी विचारलं. म्हणजे आकडा इकडेतिकडे किती सरकू शकतो.

मी सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून मनात काही ताळा केला. "चांगलं आहे. रडते काहून पोरी? असा निघाला तं असा." मग शेजारच्या खाटेकडे मान वळवून मोठ्याने म्हणाले, "सापडला बावा!" पण ती खाट दोन आठवड्यांपासून दुसऱ्याच माणसाकडे होती. तो नवा माणूस गोंधळून पाहत राहिला.

त्यानंतर तिसऱ्या मंगळवारी, सकाळी डायलिसिसला निघायच्या तयारीत असताना, सर घरीच वारले. मामांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. मी पोचेपर्यंत बुद्धवंदना झाली होती, माणसं परतायला लागली होती. मला त्यांचा चेहरा पाहता आला नाही.

पदवी मिळाल्यावर बांधलेला प्रबंध घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दार काकूंनी उघडलं. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचा चहा मी शंभरदा प्यायले असेन, पण आमचं धड बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांनी प्रबंध दोन्ही हातांनी घेतला, मांडीवर ठेवला, पदराने पुसला.

"कसा निघाला मंग तो?" त्यांनी विचारलं.

"कोण, काकू?"

"ज्याच्यामागं हे जन्मभर लागले तो. मी लगीन होऊन आली तवापासून विचारत होती, कसा हाय म्हनून. तं म्हनत, अजून नक्की नाही."

मी दोन्ही हातांनी लांबट आकार करून दाखवला. त्या माझ्या हातांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"त्याइले समजलं होतं ना? जायच्या आधी?"

"हो काकू. शेवटचा आकडा मी दवाखान्यात वाचून दाखवला. शनिवारी. त्याच्या तिसऱ्या मंगळवारी ते गेले."

काकू काही मोजत असल्यासारख्या थांबल्या. मग मान हलवून हळू बोलल्या, "तरीच. त्या शनिवारी ऑटोतून उतरले तं हासत होते. मशीनवरून आले की अंगात जीव नसे त्याइच्या, भिंत धरून आत येत. मी म्हटलं, काय झालं? तं म्हने काही नाही, जेवाले वाढ." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "दीड पोळी खाल्ली त्या दिवशी. कितीतरी महिन्यानं. दीड पोळी न् वरून वाटीभर वरन मागून घेतलं."